चाप लावलेला कण

पोलिओच्या तोंडी लशीच्या कुपीवर एक बारीकशी खूण असते. जांभळं वर्तुळ आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. पल्स पोलिओच्या बूथवर सिस्टर किंवा आशाताई कुपी उघडण्याआधी ती उजेडात धरतात आणि त्या चौकोनाकडे पाहतात. कुपीला ऊब लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर ही खूण येऊ लागली आणि डबा वाटेत किती वेळ उन्हात राहिला, बर्फ कधी वितळला, ह्या गोष्टी कुणाच्या सांगण्यावर सोडायची गरज उरली नाही.

कुपीत असतो तो पोलिओचाच विषाणू. दुबळा केलेला, पण वाढण्याची ताकद शाबूत असलेला. इथे एक कोडं आहे. हा विषाणू आपल्या जठरातल्या आम्लातून सुखरूप पार पडतो. सांडपाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. साबणाने त्याचं कवच विरघळत नाही. असा चिवट गडी नुसत्या उबेने निकामी का व्हावा? ३७ अंश सेल्सिअस म्हणजे तर आपल्या शरीराचं तापमान. ज्या उबेत जाऊन त्याला वाढायचं आहे, तीच त्याला कुपीत सोसवत नाही.

ह्याचं उत्तर विषाणूच्या बांधणीत आहे. पेशीच्या बाहेर असताना त्याला आतला ऐवज जिवापाड जपायचा असतो आणि पेशीपाशी पोचल्यावर तोच ऐवज मोकळा करायचा असतो. टिकावंही लागतं आणि फुटावंही लागतं. शिवाय फुटायचं ते नेमक्या जागी, नेमक्या क्षणी, आणि तेही स्वतःकडे इंधन, स्नायू, इंद्रियं असलं काही नसताना. विषाणूंची सगळी कारागिरी ह्या एका पेचाभोवती फिरते असं माझं मत आहे, आणि त्यांच्यावर चालणारी आपली अलीकडची हत्यारंही तिथेच वार करतात.

आधी ऐवज काय ते पाहू. पोलिओचा कण साधारण ३० नॅनोमीटर रुंद असतो. फूटपट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे तेहेतीस हजार कण ओळीने बसतील. त्याच्या आत आरएनएचा एकच धागा, सुमारे साडेसात हजार अक्षरांचा. बाहेर प्रथिनांचं कवच. बस्स. चयापचय नाही, श्वसन नाही, वाढ नाही. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एकार्ड विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ह्या कणाचं रासायनिक सूत्रच मांडलं : कार्बनचे ३,३२,६५२ अणू, हायड्रोजनचे ४,९२,३८८, नायट्रोजनचे ९८,२४५, ऑक्सिजनचे १,३१,१९६, फॉस्फरसचे ७,५०१ आणि गंधकाचे २,३४०. मिठाचं किंवा साखरेचं सूत्र लिहावं तसं एका रोगजंतूचं सूत्र. त्याच वर्षी ह्याच गटाने जिवंत पेशी न वापरता, पेशींचा नुसता रस काचेच्या नळीत घेऊन त्यात पोलिओचे नवे, संसर्गक्षम विषाणू तयार करून दाखवले. विषाणू सजीव की निर्जीव ह्यावर शाळेपासून आपण वाद घालत आलो आहोत. मला त्या वादात फारसा रस नाही. सूत्र लिहिता येणारी एक वस्तू पेशीत शिरते कशी, हा त्याहून कितीतरी रंगतदार प्रश्न आहे.

कवचाचं गणित मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि एका अमिनो आम्लासाठी आरएनएची तीन अक्षरं खर्ची पडतात. म्हणजे पोलिओच्या साडेसात हजार अक्षरांत जास्तीत जास्त अडीच हजार अमिनो आम्लांची प्रथिनं लिहिता येतील. पण ह्या कवचात अमिनो आम्लं आहेत सुमारे ५३ हजार! प्रत्येक तुकडा वेगळा लिहायचा म्हटला तर नुसत्या कवचासाठी दीड लाखावर अक्षरं लागतील, आणि इतका लांब धागा त्या कवचात मावणार नाही. १९५६ मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन ह्यांनी असाच हिशोब मांडून निष्कर्ष काढला की लहान विषाणूंचं कवच थोड्याच प्रकारच्या तुकड्यांच्या पुष्कळ प्रतींनी बनलेलं असलं पाहिजे, आणि ते तुकडे सममितीने जोडलेले असले पाहिजेत. पोलिओच्या बाबतीत ते तंतोतंत खरं ठरलं. चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाच्या ६० प्रती. साठच का? तर वीस त्रिकोणी पृष्ठं असलेल्या घनाकृतीवर तंतोतंत सारख्या स्थितीत बसवता येतील अशा जागा साठच असतात. पोकळ, बंद आणि जवळपास गोल आकार एकसारख्या तुकड्यांतून घडवायचा तर भूमिती ह्यापेक्षा मोठी संख्या देत नाही. ज्यांना साठापेक्षा मोठं कवच लागतं ते विषाणू सममितीत किंचित तडजोड करतात. ती तडजोड कशी बसते ह्याचं गणित डोनाल्ड कॅस्पर आणि आरन क्लुग ह्यांनी १९६२ मध्ये मांडलं.

क्लुग ज्यांच्या हाताखाली विषाणूंकडे वळले त्या रोझालिंड फ्रँकलिन. त्यांचं नाव आपल्याला डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रामुळे माहीत असतं, पण आयुष्याची शेवटची पाच वर्षं त्या लंडनच्या बर्कबेक कॉलेजात विषाणूंवर काम करत होत्या. तंबाखूच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उठवणारा मोझॅक विषाणू हा त्यांचा मुख्य विषय. काडीसारखा सरळ, ३०० नॅनोमीटर लांब, २,१३० एकसारखे प्रथिनाचे तुकडे मळसूत्री रांगेत रचलेले. आरएनएचा धागा मधल्या पोकळीत लोंबत नसून तुकड्यांच्या मध्येच गुंतलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. शेवटी शेवटी त्यांनी पोलिओच्या स्फटिकांचं काम हाती घेतलं होतं. एप्रिल १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. पुढच्या वर्षी जॉन फिंच आणि क्लुग ह्यांनी पोलिओच्या कवचाची सममिती प्रसिद्ध केली आणि तो निबंध त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

हे तुकडे जोडतं कोण? कुणीच नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स ह्यांनी तंबाखूच्या विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगळं केलं आणि परत एकत्र ठेवलं. तुकडे आपोआप धाग्याभोवती रचले गेले आणि तयार झालेला कण पुन्हा पानांना रोग लावू लागला. तुकड्यांचे आकार आणि त्यांच्यावरचे विद्युतभार असे असतात की एकमेकांना चिकटणं हीच त्यांची सर्वांत स्वस्थ अवस्था.

आता आपला पेच इथेच उभा राहतो. कवच जर इतक्या सुखासुखी जुळत असेल, तर ते उलगडणार कसं? जे स्वस्थ झालं ते स्वस्थच राहील. म्हणून विषाणू एक युक्ती करतो. उंदराच्या सापळ्याला चाप लावून ठेवावा तशा अवस्थेत तो कण घडवतो. सापळा उंदराला मारतो त्या क्षणी बाहेरून जोर लावावा लागत नाही. जोर लावला होता तो आदल्या रात्री, स्प्रिंग ताणताना. तसाच पेशीत शिरण्यासाठी लागणारा जोर विषाणूच्या रचनेत आधीपासून ताणून ठेवलेला असतो. आधीच्या पेशीच्या खर्चाने. पुढच्या पेशीपाशी फक्त चाप सुटायचा असतो.

पोलिओमध्ये हे ताणणं कसं होतं ते आता बरंच तपशिलात कळलं आहे. नवा कण जुळत असताना त्याच्यात चार नव्हे, तीनच प्रकारची प्रथिनं असतात. चौथं अजून दुसऱ्याला जोडलेलं असतं. आरएनए आत बंद झाल्यावर त्या जोडप्रथिनाचा छेद होतो. छोटा तुकडा, व्हीपी-४ नावाचा, कवचाच्या आतल्या अंगाला जाऊन बसतो, आणि मोठा व्हीपी-२ म्हणून जागेवरच राहतो. हा एक छेद होण्याआधी कण संसर्ग करू शकत नाही. झाल्यावर करू शकतो. दिसायला दोन्ही कण जवळपास सारखेच. पण छेदानंतर कवच अधिक मजबूतही होतं आणि परत मूळ अवस्थेत जाण्याचा रस्ता बंद होतो. आता ते फक्त पुढे, फुटण्याच्या दिशेनेच जाऊ शकतं. चाप बसला.

ह्या कवचाचं अणूपातळीवरचं चित्र १९८५ मध्ये जेम्स होगल ह्यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने काढलं. त्या चित्रात कवच गुळगुळीत नाही. बारा टोकांपैकी प्रत्येक टोकाभोवती एक खोल दरी आहे. ह्या दरीत आपल्या पेशीवरचा एक रेणू, सीडी-१५५, बरोबर बसतो. आणि दरीच्या तळाखाली, प्रथिनाच्या गाभ्यात, एक अरुंद पोकळी असून तिच्यात मेदाचा एक लहान रेणू पाचरीसारखा अडकलेला असतो. पाचर जागेवर आहे तोवर कवच घट्ट. सीडी-१५५ दरीत घुसलं की पाचर निसटते. कवच सुमारे चार टक्क्यांनी फुगतं, व्हीपी-४ आतून बाहेर येतं, त्याच्याबरोबर आणखी एका प्रथिनाचं टोक बाहेर येतं, आणि दोघं मिळून पेशीच्या पटलात मार्ग तयार करतात. त्यातून आरएनए पेशीत उतरतो. रिकामं कवच मागे राहतं.

कुपीतल्या कोड्याचं उत्तर इथे सापडतं. ३७ अंशांना पोलिओचा कण स्थिर नसतो. त्याच्या आतली टोकं क्षणभर बाहेर डोकावतात आणि पुन्हा आत जातात. ह्या हालचालीला विषाणूतज्ज्ञ कणाचा श्वास म्हणतात. आतड्यात हे विषाणूच्या पथ्यावर पडतं, कारण पेशी शेजारीच असते आणि चाप हलका असला की काम पटकन होतं. बाटलीत मात्र शेजारी पेशी नसते. तासांमागून तास उबेत काढले की एकेका कणाचा चाप सीडी-१५५ भेटण्याआधीच सुटतो. व्हीपी-४ निघून जातं आणि असा फुकट सुटलेला कण पुढे कुठल्याही पेशीच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून शीतसाखळी, म्हणून ती जांभळी खूण, म्हणून लशीत कवचाला आधार द्यायला मॅग्नेशियम क्लोराइड. (खूण स्वतः विषाणू मोजत नाही बरं का. ती उबेने रंग बदलणाऱ्या एका रसायनाची आहे. त्याचा वेग लशीच्या नासण्याच्या वेगाशी जुळवलेला असतो.) देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या यशात बर्फाच्या डब्यांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे.

चाप ज्या दारावर सुटतो ते दार किती महत्त्वाचं, हे एका जुन्या प्रयोगातून दिसतं. पोलिओ माणसाला आणि माकडांना होतो, उंदराला किंवा कोंबडीला सहसा होत नाही. उंदराच्या पेशी ह्या विषाणूला नालायक आहेत म्हणून? १९५९ मध्ये अमेरिकेत जॉन हॉलंड आणि सहकाऱ्यांनी पोलिओचा उघडा आरएनए, कवचाशिवाय, अशा परक्या पेशींत घातला. पेशींनी बिनतक्रार पोलिओचे नवे विषाणू बनवले. पण ते नवे, कवचधारी विषाणू शेजारच्या पेशीत शिरू शकले नाहीत. साथ एका फेरीतच थांबली. पुढे सीडी-१५५चं जनुक सापडल्यावर ते उंदरांत घालण्यात आलं, आणि त्या उंदरांना पोलिओ झाला.

आत गेल्यावरची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. पोलिओचा आरएनए पेशीला तिच्या स्वतःच्या निरोपांसारखाच दिसतो. प्रथिनं बनवणारी यंत्रणा तो वाचायला घेते आणि सुमारे २,२०० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी तयार करते. ती साखळी स्वतःला जागोजाग कापून वेगवेगळी प्रथिनं मोकळी करते. त्यातलं एक आरएनएच्या नकला काढतं, काही पेशीची स्वतःची कामं बंद पाडतात, बाकीची कवचाचे तुकडे होतात. गंमत अशी की ह्या काळात, काही तास, पेशी फोडून शोधलं तर आत एकही संसर्गक्षम विषाणू मिळत नाही. जो आला तो सुटा होऊन नाहीसा झालेला आणि नवे अजून जुळायचे. कुठलाही सजीव वाढताना असा मधेच नाहीसा होत नाही. सहा-आठ तासांत पेशीत हजारो नवे कण साठतात आणि पेशी फुटते.

ह्या हजारोंपैकी बहुतेक कण वाया जातात हेही सांगायला हवं. प्रयोगशाळेत पोलिओचा एक संसर्ग घडायला तीस ते हजार कण खर्ची पडतात. कुणाचा चाप भलतीकडे सुटतो, कुणाच्या आरएनएमध्ये चुका असतात, कुणी पेशीच्या पचनरसात अडकतो. 'विषाणूने हल्ला चढवला' असं आपण लिहितो खरं, पण तो स्वतःहून एक नॅनोमीटरही सरकत नाही. पाण्यात, शेंबडात, हवेतल्या थेंबात धक्के खात फिरतो. फिरता फिरता योग्य रेणूवर आपटला तर आपटला. यश येतं ते संख्येच्या जोरावर.

सगळेच विषाणू स्प्रिंग एकाच जागी ठेवत नाहीत. जिवाणूंना लागण करणारे फाज नावाचे विषाणू डीएनएलाच ताणतात. त्यांच्या डोक्यात डीएनए इतका कोंबलेला असतो की आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या कितीतरी दहापट होतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोनाच्या आसपास असतो. शेपटी जिवाणूच्या भिंतीला टेकली की डीएनए त्या दाबानेच आत जाऊ लागतो. कवच बाहेरच राहतं. १९५२ मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस ह्यांनी स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरने ती रिकामी कवचं जिवाणूंवरून झटकून काढली आणि आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते ह्याचा एक ठाम पुरावा जगापुढे ठेवला.

आणि मग आवरणवाले विषाणू. फ्लू, गोवर, एचआयव्ही, आणि आपल्याला घरात बसवणारा करोना. ह्यांच्या प्रथिनांवर मेदाचं आवरण असतं, आधीच्या पेशीतून निघताना तिच्याच पटलाचा तुकडा गुंडाळून घेतलेला. आवरणातून प्रथिनांचे काटे बाहेर आलेले असतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळमधल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून करोनाचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टिपला. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चित्रात एक कण चांगला शाबूत आहे, सुमारे ७५ नॅनोमीटरचा, आणि त्याच्या कडेला काट्यांची झालर दिसते.

मेदाचं आवरण म्हणजे जादा संरक्षण, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. साबणाचे रेणू मेदात शिरून ते आवरण उसवतात आणि काटे गळून पडतात. अल्कोहोलचंही तेच. पोलिओसारख्या उघड्या कवचाच्या विषाणूंवर साबणाचा असा परिणाम होत नाही. तिथे साबण विषाणूला हातावरून सुटा करतो आणि पाणी त्याला वाहून नेतं. जुलाब-उलट्या लावणारा नोरोव्हायरस, दूषित पाण्यातून कावीळ करणारे हेपॅटायटिस ए आणि ई हेही उघड्या कवचाचे. करोनाच्या दिवसांत लागलेली सॅनिटायझरची सवय ह्यांच्यापुढे तोकडी पडते. जेवणाआधी आणि शौचानंतर नळाखाली साबणाने हात चोळून धुणं हेच खरं.

आवरणवाल्यांची स्प्रिंग काट्यांत असते. फ्लूचा काटा, हिमॅग्लुटिनिन, पेशीवरच्या शर्करेला चिकटतो. पेशी विषाणूला एका पिशवीत घेऊन आत ओढते आणि नेहमीच्या सवयीने त्या पिशवीत आम्ल सोडते. आम्लता ठरावीक पातळीवर गेली की काट्याचा चाप सुटतो. वाकून बसलेला भाग सरळ होतो, सुमारे १० नॅनोमीटर लांब फेकला जातो, त्याचं टोक पिशवीच्या पटलात रुततं. मग काटा परत दुमडतो आणि विषाणूचं आवरण व पेशीचं पटल एकमेकांवर ओढून एकजीव करतो. पेशीने विषाणू पचवण्यासाठी सोडलेलं आम्लच त्याला दार उघडून देतं. पण हा चाप आधी लावलेला असावा लागतो, आणि तो आपलंच एखादं विकर काट्यात छेद देऊन लावतं. साध्या फ्लूच्या बाबतीत असं विकर मुख्यतः श्वसनमार्गात असतं, म्हणून आजार तिथेच राहतो. बर्ड फ्लूच्या घातक जातींच्या काट्यात अशी खाच असते की शरीरभर आढळणारं फ्युरिन नावाचं विकर ती छेदू शकतं. म्हणून कोंबड्या दोन-चार दिवसांत पटापट मरतात. करोनाच्या काट्यातही फ्युरिनची खाच आहे.

आता लशींकडे. आपली रोगप्रतिकारशक्ती काट्याच्या आकाराला ओळखायला शिकते. पण कोणत्या आकाराला? सुटण्याआधीच्या की सुटून गेलेल्या? काटा नुसता वेगळा काढला की तो सहज सुटून जातो, आणि सुटलेल्या काट्याविरुद्ध घडलेली प्रतिपिंडं येणाऱ्या विषाणूला धड अडवू शकत नाहीत. आरएसव्ही हा लहान बाळांच्या छातीत कफ धरवणारा विषाणू. १९६०च्या दशकात फॉर्मलिनने निष्क्रिय केलेली त्याची लस बाळांना दिली गेली. संरक्षण मिळण्याऐवजी नैसर्गिक संसर्ग झाल्यावर त्यांचा आजार बळावला आणि दोन बाळं दगावली. त्या अपयशामागच्या कारणांपैकी एक मोठं कारण काट्याचा चुकलेला आकार. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी आरएसव्हीचा काटा सुटण्याआधीच्या अवस्थेत कुलूपबंद केला. त्याच धोरणावरच्या लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या. करोनाच्या काट्यात १,२७३ अमिनो आम्लं असतात; त्यातली ९८६ आणि ९८७ क्रमांकाची दोन बदलून तिथे ताठर प्रोलीन बसवलं की चाप सुटत नाही. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत हे दोन प्रोलीन आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्डमध्ये ते नाहीत, तरी तिनेही काम केलं. कोव्हॅक्सिनची तऱ्हा जुनी आणि वेगळी. पुण्याच्या संस्थेने वेगळा केलेला अख्खा विषाणूच मारून वापरलेला.

औषधांची गोष्ट जास्त रखडली. कवच उघडूच द्यायचं नाही, ही कल्पना जुनी आहे. पोलिओच्या नात्यातल्या सर्दीच्या विषाणूंसाठी प्लेकोनारिल नावाचं औषध तयार झालं होतं. ते दरीखालच्या त्या पोकळीत घट्ट पाचर होऊन बसतं. सर्दी जेमतेम एक दिवस लवकर बरी होत असे, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला परवानगी नाकारली. कल्पना मागे पडली.

ती परत आली एचआयव्हीच्या वाटेने. एचआयव्हीच्या मेदावरणाच्या आत आणखी एक कवच असतं, शंकूच्या आकाराचं, साधारण पंधराशे प्रथिनांचं. पेशीत शिरताच हे कवच विरघळतं असं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. अलीकडच्या सूक्ष्मदर्शनाने ते खोटं ठरवलं. शंकू जवळपास अख्खा पेशीकेंद्राच्या छिद्रातून आत जातो आणि तिथे उघडतो. म्हणजे वेळ चुकवली की संपलं. लेनाकापाविर हे औषध कवचाच्या शेजारशेजारच्या तुकड्यांमधल्या खाचेत बसतं. त्याने कवच नको तितकं ताठरतं, नको तिथे तडकतं, केंद्रात शिरताना अडतं. आणि नवे कण घडताना त्यांचे शंकूही वेडेवाकडे होतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले. वर्षातून दोनदा पोटाच्या कातडीखाली हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही.

अमेरिकेत ह्या प्रतिबंधक इंजेक्शनचा वर्षाचा दर २८ हजार डॉलरच्या घरात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कंपनीने सहा औषधनिर्मात्यांना १२० गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ते बनवण्याचे परवाने दिले. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, पुण्याची एमक्युअरही आहे. हैदराबादच्या ह्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून ते माणशी वर्षाला ४० डॉलरमध्ये देण्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.